पहिलाच कॉसप्ले, हातात अकरा आठवडे आणि मी फोम घेऊन बसलेय

नवी_सुई
नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

अकरा आठवड्यांनी एक मेळावा आहे आणि मला तिथे माझ्या आवडत्या खेळातली सरदारीण म्हणून, तिच्यासारखा पोशाख स्वतः करून (म्हणजेच कॉसप्ले) जायचंय. छातीला चिलखत, दोन्ही खांद्यांवर एकावर एक तीन पत्रे, कोपरापासून मनगटापर्यंत हस्तत्राण, पोटऱ्यांना तसंच काहीतरी, पायघोळ निळा झगा, कमरेपर्यंत रुपेरी केस आणि हातात माझ्याएवढी तलवार. शिवणकामाचा अनुभव म्हणाल तर शर्टाची तुटलेली बटणं लावते. रंगकाम वगैरे शून्य.

उत्साहाच्या भरात दहा मिलिमीटरचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यांना असतो तसला) आणला. जाड तेवढा मजबूत, असा माझा हिशेब. काल रात्री भाजी चिरायच्या सुरीने पहिला तुकडा कापला. कड बघून धाकटा भाऊ म्हणाला, "उंदीर पाळलाय का?"

तर सुरुवात कुठून करू? फोमपासून की कपड्यापासून? सगळं अकरा आठवड्यांत होईल का? आणि केस, बूट, पट्टे विकत आणले तर ती लबाडी धरतात का?

फोमफकीर
स्वागत. उंदीर निर्दोष आहे, सुरी दोषी आहे.

फोम कापायला कटर लागतो, तोही नव्या पात्याचा. फोम मऊ दिसतो, पण पात्याची धार फार लवकर मारतो. पातं अडकायला लागलं, कड भुरभुरली की पुढचा तुकडा मोडून नवं टोक काढायचं. मी हात-दीड हात कापलं की धार लावतो. पातं आडवं धरून लांब ओढायचं, करवतीसारखं मागेपुढे करायचं नाही. दहा मिमी एका दमात कापायला जाऊ नकोस. पहिल्या ओढीत रेघ, दुसरीत खोली, तिसरीत आरपार.

दुसरं म्हणजे दहा मिमी सगळीकडे वापरू नकोस. छाती आणि खांद्याला ठीक. हस्तत्राणाला पाच मिमी पुरे. वरच्या नक्षीला, काठांना दोन मिमी. दहा मिमीचं हस्तत्राण घातलंस तर हात दंडाएवढा दिसेल आणि कोपर वाकणार नाही.

एकओळी
वाचनखूण साठवली. पुढच्या जन्मी करून बघेन.

उसवणकर
माझं मत वेगळं आहे. सगळे नवखे फोमकडे धावतात कारण चिलखत फोटोत उठून दिसतं. आधी कापड हातात घ्या. चिलखताच्या आत अंगावर काय असणार? उघड्या अंगावर फोम बांधला तर अर्ध्या तासात घामाने चिकटतो आणि काखेत कातडी सोलते. आतला अंगरखा नीट बसला की त्यावर पट्टे टाचता येतात, चिलखत लटकत नाही. म्हणजे क्रम असा: अंगरखा, मग झगा, मग फोम.

आणि थेट निळ्या कापडाला कात्री लावू नका. आधी मांजरपाट किंवा जुनी चादर घेऊन नमुना शिवा. घाला, हात वर करा, खाली बसा, जिथे ओढतंय तिथे खडूने खुणा करा, उसवा, परत शिवा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण चांगलं कापड एकदा आखूड बेतलं की ते लांब होत नाही.

शिवताना माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) भरपूर सोडा, दीड सेंटिमीटर तरी. नवखे लोक माया सोडायलाच विसरतात आणि मग म्हणतात माझं वजन वाढलं.

फोमफकीर
उसवणकर ताई, फोमवाल्यांवर राग दिसतोय. (हलके घ्या.)

उसवणकर
राग नाही हो. चिलखत काढल्यावर आत फाटका टी-शर्ट निघालेले तीन शूरवीर मी पाहिलेत.

पुठ्ठाप्रेमी
कोणी पुठ्ठ्याचं नाव का घेत नाही? मी पहिलं पूर्ण चिलखत पुठ्ठ्याचं केलं होतं. पाऊस आला नाही तोवर राजा होतो.

गंमत सोडा. फोम कापण्याआधी तोच आकार पातळ पुठ्ठ्यात कापून चिकटपट्टीने जोडून अंगावर लावून बघा. पुठ्ठा चुकला तर रद्दीत, फोम चुकला तर काळजात.

नवी_सुई
सगळ्यांचे आभार! कटर आणला, फरक जमीन-अस्मानाचा आहे. भावाचा उंदराचा विनोद बंद झाला.

साचा कसा काढायचा हे शोधताना प्लास्टिकच्या फिल्मची युक्ती सापडली. हाताला स्वयंपाकघरातली पातळ फिल्म गुंडाळायची, वरून कागदी चिकटपट्टी लावायची, त्यावर पेनाने चिलखताच्या रेषा काढायच्या, मग कापून काढून सपाट करायचं. भावाने गुंडाळलं. इतकं घट्ट की बोटं थंड पडली. आणि कापून काढायचं तर कात्री शिरायला जागाच नाही! शेवटी मनगटापाशी साबणाचं पाणी सोडून हात मोज्यातून काढावा तसा ओढला. साचा चुरगळून गेला.

दुसऱ्यांदा नीट जमलं. पण तो साचा दहा मिमी फोमवर उमटवून, कापून, जोडून हातात घातला तर पुन्हा घट्ट! साचा तर माझ्याच हाताचा होता ना? हे कसं काय?

पाय_चौदा
अखेर माझ्या कामाचा प्रश्न आला.

फोमला जाडी आहे. सपाट तुकडा वाकवून नळी केली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मापात राहते ती साधारण मधली रेषा. तू साच्याइतकाच फोम कापलास, म्हणजे मधली रेषा साच्याएवढी झाली आणि आतला घेर त्याहून कमी. किती कमी? दोन गुणिले पाय (गणितातला π, ३.१४) गुणिले अर्धी जाडी. दहा मिमी फोमला ते सुमारे ३१ मिमी होतं. तुझ्या हाताचा कोपराकडचा घेर २६ सेंमी असेल तर आत जेमतेम २३ सेंमी उरले. घट्ट होणारच.

पाच मिमी घेतलास तर तूट साधारण १६ मिमी. म्हणून फोमफकीर म्हणतात ते बरोबर, पातळ घे. आणि साच्याच्या घेरात तेवढी भर घालून वर आतल्या बाहीसाठी थोडी मोकळीक ठेव.

हाच नियम शिरस्त्राणाला. डोक्याच्या मापाने दहा मिमीचं शिरस्त्राण केलेले लोक मी कान लाल करून फिरताना पाहिलेत.

एकओळी
दहावीत मास्तर म्हणाले होते, पाय आयुष्यात उपयोगी पडेल. आज कळलं कोणाच्या.

उसवणकर
पाय_चौदा, झग्यालाही तुमचं गणित लागतं. अर्धवर्तुळाचा झगा बेतायचा तर गळ्याच्या मापाला पायने भागा, ती आतल्या कमानीची त्रिज्या. गळा ३६ सेंमी असेल तर साडेअकरा सेंमी. मला माझ्या आईने दोरीला खडू बांधून शिकवलं, सूत्राचं नाव तिलाही माहीत नव्हतं.

आणि नवी_सुई, एक महत्त्वाचं. झग्याचा घेर काही ठिकाणी उभ्या धाग्यावर येतो, काही ठिकाणी उरेबात (धाग्याला तिरका). उरेबात कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं. त्यामुळे झगा बेतला की किमान एक दिवस खुंटीला टांगून ठेवा, मगच खालची कड सारखी कापून दुमडा. नाहीतर आज सरळ दिसलेली कड आठवड्याने लाटांसारखी होते.

नाकात_कापूस
चिकटवण्याबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मी इथे मार खाल्लाय.

कॉन्टॅक्ट सिमेंट दोन्ही बाजूंना लावायचं. लावलं की लगेच चिकटवायचं नाही! पाच-दहा मिनिटं थांबायचं, बोटाला ओलं न लागता नुसतं चिकट वाटलं की मग दोन कडा एकमेकींना भेटवायच्या. भेटल्या की भेटल्या, सरकवायला जागा नाही. म्हणून आधी दोन्ही तुकड्यांवर दर दोन-तीन इंचांवर जुळणीच्या आडव्या रेघा मारून ठेवा आणि टोकापासून रेघेला रेघ लावत पुढे सरका.

आता मार कुठे खाल्ला ते. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, मी रात्रभर बसून छाती जोडली. सकाळी डोकं असं ठणकलं की वाटलं घरात कोणीतरी पाटा-वरवंटा चालवतंय. बऱ्याच कॉन्टॅक्ट सिमेंटांत टोल्युइनसारखे द्रावक असतात, त्यांची वाफ नाकात गेली की हेच होतं. तेव्हापासून गच्ची, नाहीतर खिडकी सताड उघडी आणि पाठीमागून वारा.

पुठ्ठाप्रेमी
मी तर नेहमी साधा कापडी मास्क लावतो. पुरतो की.

नाकात_कापूस
नाही पुरत. कापडी मास्क काय किंवा धुळीचा मास्क काय, कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. वाफेसाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्या लावलेला रबरी मास्क लागतो. उलट फोम घासताना, ग्राइंडर फिरवताना जी भुकटी उडते तिला धुळीचा मास्क हवा. दोन कामं, दोन मास्क. आणि दाढीवाल्यांनो, रबरी मास्क दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. मी शेवटी दाढी काढली.

फोमफकीर
+१. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) वापरतानाही खिडकी उघडी हवी. फोम तापवायचा तो दोन कारणांसाठी. एक, तापला की मऊ होतो, गुडघ्यावर किंवा चेंडूवर दाबून धरला की गार होईपर्यंत तो आकार घेतो. दोन, पृष्ठभागावरची बारीक भोकं मिटतात, मग रंग आत पीत नाही. कळतं कसं? मळकट, मंद दिसणारा फोम एकदम किंचित चकाकतो. तिथे थांबायचं आणि गन पुढे सरकवायची. एकाच जागी धरलीत तर जळून काळी खळगी पडते.

कडेला रेघ कोरायची असेल तर आधी कटरने निम्म्या खोलीपर्यंत चीर द्यायची आणि मग गन फिरवायची. चीर आपोआप उघडते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास नुसत्या चिरा उघडत बसलो होतो, काम राहिलं बाजूला.

थर्मोकोल_शहीद
माझी कहाणी ऐका आणि शहाणे व्हा. तलवार थर्मोकोलची कोरली, चार रात्री. सुंदर झाली. वरून स्प्रे मारला. डोळ्यांदेखत तलवारीला खड्डे पडायला लागले, मग ती बारीक झाली, मग वाकली. स्प्रेमधला द्रावक थर्मोकोल विरघळवतो हे मला पाचव्या रात्री कळलं.

एकओळी
वीरमरण.

पोपटपंची
मला एक कळत नाही, मोठी माणसं हे का करतात? शाळेच्या स्नेहसंमेलनात ठीक आहे. कमावत्या वयात पुठ्ठ्याच्या तलवारी?

पुठ्ठाप्रेमी
पुठ्ठ्याच्या तलवारीवर बोलायचं नाही.

उसवणकर
पोपटपंची, मी ५८ वर्षांची आहे. मागच्या वर्षी चेटकिणीचा पोशाख केला, त्यात ४६ काजं हाताने केली. तुम्ही गेल्या वर्षी हाताने काय केलंत ते सांगा, मग बोलू.

जुनाट_पेटी
अवांतर, पण पोपटपंचींसाठी थोडा इतिहास. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून आले, बाकी सगळे साध्या कपड्यांत. दोघांचेही पोशाख मर्टलने शिवले होते. ती चाहत्यांमध्ये मोरोजो म्हणून ओळखली जायची. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषभूषेचा कार्यक्रम झाला. म्हणजे मोठ्या माणसांचं हे वेड मागच्या शतकापासूनचं आहे. इतकी वर्षं नाव पुढे आलं अ‍ॅकरमनचं आणि शिवलं बाईने, हेही नोंदवून ठेवतो.

'कॉसप्ले' हा शब्द मात्र जपानी, कॉस्च्यूम आणि प्ले जोडून केलेला. जपानी लेखक नोबुयुकी ताकाहाशी १९८४ च्या लॉस एंजेलिसच्या संमेलनाहून परतले आणि त्यांनी तो रूढ केला, असं सांगतात.

पाय_चौदा
जुनाट_पेटी, दुरुस्ती. ताकाहाशींचा शब्द 'माय अ‍ॅनिमे' मासिकाच्या जून १९८३ च्या अंकात छापलेला आहे. १९८४ च्या प्रवासाची गोष्ट सगळीकडे फिरते, पण अंक आधीचा आहे.

जुनाट_पेटी
मान्य. गोष्ट चांगली होती, तारखेने घात केला.

अजून एक सांगतो आणि थांबतो. १९७२ च्या लॉस एंजेलिसच्या संमेलनात एक महाशय अंगाला पीनट बटर फासून मंचावर आले. दिव्यांच्या उष्णतेत ते वितळलं, खुर्च्यांना लागलं, दुसऱ्यांच्या पोशाखांना लागलं, वास सुटला तो वेगळाच. तेव्हापासून 'पीनट बटरचा पोशाख चालणार नाही' हा नियम सांगितला जातो. नवी_सुई, तुझ्या झग्याशेजारी कोण उभं आहे ते बघून घे.

नवी_सुई
हा हा! बघते. पण मंडळी, माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला. विकतचं चालतं का?

हातचंच_बरं
नाही चालत. कॉसप्ले म्हणजे स्वतः केलेलं. विकत घेतलं तर ते भाड्याचा पोशाख घालण्यासारखं झालं. मी बूटसुद्धा स्वतः शिवतो.

टोपवाली
हातचंच_बरं, मग केससुद्धा स्वतः वाढवता का कमरेपर्यंत? रुपेरी?

विग विकतच घ्यावा लागतो, आणि विग बसवणं हीच एक कला आहे. आधी स्वतःचे केस सपाट बांधून वर जाळीची टोपी, मग विग. नव्या विगला भयंकर चमक असते, बाहुलीसारखा दिसतो. कपड्याच्या सॉफ्टनरच्या पाण्यात बुडवून ठेवला, वाळवला, की गुंता सुटतो आणि केस मऊ पडतात. मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा, टोकापासून वर यायचं. मुळापासून खाली ओढलात तर हातात गंगावन येईल.

उष्णता देण्याआधी आतल्या, न दिसणाऱ्या बटेवर करून बघा. सगळे कृत्रिम धागे उष्णता सोसत नाहीत. आणि केसांना लावायचा नेहमीचा रंग कृत्रिम विगवर चढत नाही, म्हणून पहिल्याच वेळी हव्या त्याच रंगाचा घ्या.

हातचंच_बरं
विगचं सोडा. बाकी मी मतावर ठाम आहे.

फोमफकीर
मेळाव्यातल्या स्पर्धेत उतरायचं असेल तर तिथले नियम वाच. काही ठिकाणी किती टक्के स्वतः केलं ते विचारतात, करतानाचे फोटो मागतात. म्हणून कामाचे फोटो काढत जा. नुसतं फिरायला जाणार असशील तर तुझं कपाट, तुझे बूट, कोणी विचारत नाही. तलवारीचे नियमही आधीच बघ. धातूचं पातं बहुतेक ठिकाणी दारातच ठेवून घेतात, आणि माणसाएवढी लांबी चालेल की नाही तेही विचारून घे.

छापखाना
थ्रीडी प्रिंटरचा पर्याय कोणीच सुचवला नाही? छापा, घासा, रंगवा. मी शिरस्त्राण छापलं, सहा दिवस थरांच्या रेघा घासल्या, आरसा केला त्याचा. मग ते बंद गाडीत उन्हात ठेवून तासभर फिरायला गेलो. पीएलए (छपाईचं प्लास्टिक) साधारण ६० अंशांना मऊ पडतं. परत आलो तर शिरस्त्राणाचा एक गाल आत गेलेला, अक्कलदाढ काढल्यासारखा.

त्यामुळे सुचवतोय खरं, पण गाडीत ठेवू नका.

टोपवाली
गरम गोंदाचंही तेच. ग्लू गनने जोडलेलं चिलखत कडक उन्हात सुटतं. दोन सांध्यांमध्ये तात्पुरतं ठीक, भार येतो तिथे नको.

बसूनबघा
चाळीस प्रतिसाद झाले, एकानेही विचारलं नाही, म्हणून मी विचारतो. स्वच्छतागृहात कसं जाणार?

हसू नका. पहिल्या वर्षी मी पाठीमागे बंद होणारा एकसंध पोशाख केला. सकाळी नऊला मित्राने घालून दिला. दुपारी दोनला मित्र गर्दीत हरवला. मी दोन तास पाणी प्यायलो नाही आणि चक्कर येऊन जिन्यावर बसलो. बसलो म्हणजे टेकलो, कारण मांड्यांची चिलखतं पोटात घुसत होती.

सगळ्या बंदांना हात पोचला पाहिजे. पुढे किंवा बाजूला बकल, वेल्क्रो, दाबबटणं. घरी पूर्ण पोशाख घालून निदान एक तास वावरा. खुर्चीत बसा, जिना चढा-उतरा, खाली पडलेली वस्तू उचला, बाटलीतून पाणी प्या. जिथे अडेल तिथे मेळाव्याआधी कापता येतं, मेळाव्यात नाही.

उसवणकर
हा या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. ताणणारं कापड शिवणार असाल तर त्यात अजून एक जोडते. साधी सुई लावू नका, गोल टोकाची सुई मिळते ती लावा आणि सरळ टीप मारू नका, नागमोडी मारा. सरळ टीप कापडाबरोबर ताणली जात नाही, पहिल्यांदा वाकलात की टर्र.

नवी_सुई
सहा आठवडे झाले, मधली हकीकत लिहिते.

घरी पुठ्ठ्याचं पूर्ण चिलखत करून बघितलं (धन्यवाद पुठ्ठाप्रेमी). एक तास वावरले (धन्यवाद बसूनबघा). पोटऱ्यांची कवचं जिन्यावर एकमेकांवर आपटून मी दोनदा पडता पडता वाचले. ती रद्द. छातीचं चिलखत तीनदा कापलं, तिन्ही वेळा मी कासवासारखी दिसले. तेही या वेळेपुरतं रद्द. तलवार माझ्याएवढी चालत नाही म्हणे, तीही गेली.

उरलं ते असं: आतला अंगरखा, निळा झगा, डाव्या खांद्याचे तीन पत्रे, डाव्या हाताचं हस्तत्राण, विग. अर्धी सरदारीण. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

फोमफकीर
त्या सरदारणीचं एखादं चित्र शोध, लढाईनंतरचं. एका बाजूचं चिलखत गमावलेलं. तेच कर आणि उरलेली बाजू अशी रंगव की कोणी बाकीचं विचारणार नाही.

टोपवाली
अगदी! उजव्या बाहीला एक फाटका पट्टा लोंबता ठेव. तुटून पडल्यासारखा.

नवी_सुई
अरे!! हे डोक्यातच आलं नव्हतं. बसते कामाला. रंगाबद्दल सांगाल का?

फोमफकीर
तापवून भोकं मिटव. मग फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून तीन-चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. हा थर लवचिक राहतो. कडक प्राइमर लावलास तर कोपर वाकवताच भेगा. त्यावर अ‍ॅक्रेलिकचा काळा, मग रुपेरी. शेवटी काळ्या रंगाचं पाणी करून सगळीकडे फास आणि ओल्या फडक्याने लगेच पूस. पुसताना घाबरू नकोस.

नवी_सुई
तुम्ही "घाबरू नकोस" का लिहिलं ते काल रात्री कळलं.

हस्तत्राण रुपेरी रंगवून झालं होतं. छान होतं, पण खेळण्यातलं वाटत होतं, वाढदिवसाच्या टोपीसारखं. त्यावर काळं पाणी फासलं. सगळं गटारात पडल्यासारखं झालं. पोटात गोळा आला. भाऊ म्हणाला, "गेलं." मी फडकं घेऊन पुसायला लागले. उंचवट्यांवरचं पुसलं गेलं आणि चिरांमध्ये, खिळ्यांच्या (गोल कापलेल्या दोन मिमी टिकल्यांच्या!) कडेला काळं तसंच बसलं. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त कडांवर रुपेरी घासलं. भावाने उचलून बघितलं आणि हातात तोललं. त्याला खरंच वाटलं जड असेल. इतकं हलकं निघाल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

एकओळी
उंदराचा बदला पूर्ण.

नाकात_कापूस
मेळाव्याला जाताना डागडुजीची पिशवी घे. सुईदोरा, सेफ्टी पिना, झटपट गोंद, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, जास्तीचं एक बकल. तुझं नाही तुटलं तरी शेजाऱ्याचं तुटतं.

नवी_सुई
झाला मेळावा!

फोटो चढवलेत, बघा. दुपारी बाराला खांद्याचा सगळ्यात वरचा पत्रा सुटला. पट्टा फोमला चिकटवला होता, शिवला नव्हता, भार आला आणि सोलून निघाला. कोपऱ्यात बसून पिशवी काढली. झटपट गोंद लावला, तर फोमला चिकटला आणि माझ्या बोटालाही. शेवटी दाभणाएवढी सुई घेऊन पट्टा फोममधून आरपार शिवला, चार टाके, वरून काळ्या मार्करने टाके रंगवले. एक मुलगी शेजारी येऊन म्हणाली, टाके मुद्दाम घातलेत का, लढाईनंतर शिवल्यासारखे वाटतात. मी म्हटलं, हो, मुद्दाम.

पाय_चौदा, हस्तत्राणात आता बोटभर मोकळीक आहे. पाच मिमी, घेरात साडेतीन सेंमी भर. टोपवाली, विग दिवसभर हलला नाही. हातचंच_बरं, बूट विकतचे आहेत, माफ करा.

हातचंच_बरं
फोटो पाहिले. टाके चांगले आहेत. बुटांकडे मी दुर्लक्ष करतो.

पोपटपंची
ते खिळे खरंच फोमचे आहेत??

फोमफकीर
पोपटपंची जाळ्यात आले म्हणायचं. नवी_सुई, आता तुझा कासवाचा प्रश्न, छातीचं चिलखत: बगलेपासून कमरेपर्यंत एक उभी पाचर काढायची राहिली असणार. साच्याचा फोटो टाक, दाखवतो.

उसवणकर
अंगरख्याची बाही सुरेख बसली आहे, शाब्बास. एकच विचारते. तिसऱ्या फोटोत झग्याची कड डाव्या बाजूला चार बोटं खाली दिसते. टांगून ठेवला नव्हता ना?

नवी_सुई
नव्हता.